फोटो डी ड्राइव्हमध्ये, नावं सी ड्राइव्हमध्ये

गेल्या दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा फराळाची बशी हातात येण्याआधीच मामांनी लॅपटॉप समोर ठेवला. "अरे, हे पिकासा बिघडलंय. नव्या फोनचे फोटो दाखवतच नाही. एखादं नवीन सॉफ्टवेअर टाकून दे."

'टाकून देणे' हा मराठीतला गमतीचा प्रयोग आहे. कॉम्प्युटरच्या दुकानात त्याचा अर्थ घालून देणे, आणि घरात फेकून देणे. जुन्या मशीनवर पिकासासारखं फोटोंचं सॉफ्टवेअर बदलताना हे दोन्ही अर्थ एकाच दुपारी खरे होऊ शकतात. म्हणून मी मामांना म्हटलं, "आधी चिवडा खाऊ, मग बघू."

लॅपटॉप २०१२ सालचा. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. आत सुमारे ३८ हजार फोटो. कास पठारावरची फुलं, प्रत्येक वर्षीचा गणपती, मुंजी-बारशी, आणि आजोळच्या जुन्या अल्बममधून स्कॅन केलेले काळे-पांढरे फोटो. निवृत्तीनंतरच्या कितीतरी दुपारी मामांनी पिकासात बसून एकेका चेहऱ्याला नाव दिलेलं. कोण कुणाची आत्या, घाटावरच्या त्या फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे सांगू शकणारे मामाच आता घरात उरलेत.

फोटोची पाठ आणि वेगळी वही

जुन्या अल्बममधला एखादा फोटो काढून उलटा करून बघा. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: 'सौ. ताई, महाबळेश्वर, मे १९६८'. तो फोटो या अल्बममधून त्या अल्बममध्ये गेला, मुंबईच्या काकांनी नेला, तरी मजकूर त्याच्याबरोबर जातो. काही घरांत दुसरी पद्धत असते. फोटोंना फक्त नंबर, आणि माहिती एका वहीत. वहीत शोधणं सोपं, पण वही रद्दीत गेली की फोटो जागच्या जागी राहतात आणि माणसं अनोळखी होतात.

कॉम्प्युटरमध्येही याच दोन जागा आहेत. जेपेग फाइलच्या पोटात चित्राखेरीज थोडी लिहायची जागा असते, तीच फोटोची पाठ. कॅमेरा तिथे तारीख, वेळ, शटरचा वेग वगैरे लिहितो, त्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. माणसानं लिहायच्या गोष्टी, म्हणजे फोटोखालची ओळ, शब्दखुणा (टॅग), चेहऱ्यांची नावं, यांच्यासाठी आयपीटीसी आणि एक्सएमपी नावाचे दोन ठरलेले नमुने आहेत. नमुना ठरलेला असल्यामुळे एका सॉफ्टवेअरनं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं.

वही म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतःचा डेटाबेस. 'आजीचे सगळे फोटो दाखव' म्हटल्यावर ३८ हजार फाइली एकेक उलटून बघत बसायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर अशी वही ठेवतंच. प्रश्न एवढाच, की ते वहीत लिहिलेलं फोटोच्या पाठीवरही उतरवतं का. काही उतरवतात, काही फक्त सांगितलं तर उतरवतात, आणि काही निम्मंच उतरवतात.

पिकासा या तिसऱ्या जातीतलं. अपग्रेड म्हटलं की लोक फोटो उडतील म्हणून घाबरतात. फोटो सहसा उडत नाहीत. उडते ती वही, आणि ते सहा महिन्यांनी कळतं, जेव्हा कुणीतरी आजीचं नाव शोधतं आणि पडदा कोरा राहतो.

पिकासाची निम्मी पेन्सिल

गूगलनं २००४ मध्ये पिकासा विकत घेतलं आणि फुकट वाटलं. आपल्याकडे डिजिटल कॅमेरे घरोघरी आले त्याच काळात ते आलं, त्यामुळे एक आख्खी पिढी पिकासावर फोटो बघायला शिकली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या १५ मार्चनंतर त्याच्यावरचं काम थांबलं. ३.९ ही त्याची शेवटची आवृत्ती. ज्यांच्या मशीनवर ते आधीपासून होतं त्यांचं चालतच राहिलं, आणि म्हणूनच 'बंद पडलंय' हे मामांना इतकी वर्षं जाणवलंच नाही.

जाणवलं ते फोनमुळे. मामेबहिणीनं त्यांना आयफोन दिला. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो जेपेगमध्ये न ठेवता एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो. जवळजवळ तोच दर्जा, निम्म्याच्या आसपास जागा. पिकासावरचं काम त्याच्या वर्षभर आधीच थांबलेलं, त्यामुळे त्याला हा प्रकार माहीतच नाही. ते बिघडलेलं नव्हतं. त्याला येत नसलेल्या भाषेतलं पत्र त्याच्या हातात पडलं होतं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. एवढ्याच तक्रारीसाठी अपग्रेड करायची गरज नसते. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे जास्तीत जास्त ठिकाणी चालणारा पर्याय निवडला की पुढचे फोटो जेपेगमध्येच निघतात. तुमची अडचण तेवढीच असेल तर ही सेटिंग बदला आणि हा लेख इथेच सोडा. मामांच्या बाबतीत हार्ड डिस्कही कुरकुरायला लागली होती आणि विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० पासून थांबलेली. आज ना उद्या हलवावं लागणारच होतं. मामा ठणठणीत आहेत आणि पिकासा अजून उघडतंय तेवढ्यात हलवावं, असं मी ठरवलं.

लपवलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करून डी ड्राइव्हमधलं २०११ च्या गणपतीचं फोल्डर उघडलं. त्यात फोटोंच्या सोबत एक छोटी फाइल होती. तिच्या नावाची सुरुवातच टिंबानं होते: डॉट पिकासा डॉट आयएनआय. पिकासा प्रत्येक फोल्डरमध्ये अशी एक चिठ्ठी ठेवतं. ती नोटपॅडमध्ये उघडता येते. एका फोटोच्या नावाखाली तीन-चार ओळी होत्या. पहिलीत, हा फोटो तारांकित आहे. दुसरीत, तो नव्वद अंशांत फिरवलाय. तिसरीत, कापून रंग उजळल्याची नोंद. आणि चौथी चेहऱ्याची: रेक्ट६४, कंसात ४०००२०००८०००६०००, आणि स्वल्पविरामापुढे एक लांबलचक सांकेतिक खूण.

हा आकडा म्हणजे चेहऱ्याभोवतीचा चौकोन आहे. त्याचे चार-चार अंकांचे चार तुकडे करा: ४०००, २०००, ८०००, ६०००. हे सोळाच्या पाढ्यातले आकडे आहेत, म्हणजे दहाऐवजी सोळानं मोजायची पद्धत. त्या पद्धतीत ४००० म्हणजे आपले १६,३८४, आणि पूर्ण रुंदी किंवा उंची म्हणजे ६५,५३६. म्हणजे ४००० हा बरोबर पाव. चौकोनाची डावी कड फोटोच्या पाव रुंदीवर. २००० म्हणजे वरची कड एक अष्टमांश उंचीवर. ८००० म्हणजे उजवी कड निम्म्यावर, आणि ६००० म्हणजे खालची कड तीन अष्टमांशांवर. आरतीच्या गर्दीत आजी नेमकी तिथेच उभी होती. मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे ते पावकी-निमकी घोकतंय की!"

आता त्या सांकेतिक खुणेकडे बघा. तिथे 'आजी' असं लिहिलेलं नाही. अमुक खूण म्हणजे आजी, ही मुख्य यादी पिकासाच्या कॉन्टॅक्ट्स नावाच्या फाइलमध्ये असते. आणि ती फाइल असते सी ड्राइव्हमध्ये, यूझर्सच्या आत, अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, गूगलच्या आत, पिकासा२ च्या आत.

सगळी गोम इथे आहे. आपल्याकडे कॉम्प्युटरचा एक अलिखित नियम आहे: कामाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं, म्हणजे सी ड्राइव्ह बिनधास्त फॉरमॅट मारता येतो. दुकानदार विचारतो, "डी मध्ये सगळं आहे ना?" आपण हो म्हणतो. तो सी उडवतो, नवीन विंडोज टाकतो. फोटो डी मध्ये होते, ते राहिले. चौकोन डी मध्ये होते, तेही राहिले. फक्त कोणता चौकोन कुणाचा हे सांगणारी यादी गेली. माझ्या एका मित्राकडे अगदी असंच झालं, आणि त्यात दुकानदाराची चूक काढता येत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं होतं.

सी ला हात लावण्याआधी

म्हणून पहिलं काम नवीन सॉफ्टवेअर शोधायचं नाही. पहिलं काम, वहीतलं सगळं फोटोच्या पाठीवर उतरवून घेणं, आणि ते जुन्या सॉफ्टवेअरकडूनच करून घ्यायचं. त्याची वही त्याच्याइतकी कुणालाच वाचता येत नाही.

त्याहीआधी नक्कल. उतरवून घेताना ३८ हजार फाइलींमध्ये लिहिलं जाणार, मध्येच वीज गेली तर? सरासरी ३ एमबी धरली तर एकूण ११४ जीबी. बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावली, कारण निळं पोर्ट बहुधा यूएसबी ३ असतं आणि काळ्यापेक्षा बरंच वेगानं चालतं. तरी जुन्या डिस्कमुळे दुपार गेलीच. एक बारीक खाचखळगा सांगून ठेवतो. फोल्डरच्या आत जाऊन 'सगळं सिलेक्ट' करून कॉपी केलं तर लपवलेल्या फाइली दिसत नसतील तेव्हा त्या निवडल्याच जात नाहीत. पिकासाच्या चिठ्ठ्या मागे राहतात. त्याऐवजी बाहेरून आख्खं फोल्डर उचला, म्हणजे आतलं लपलेलंही बरोबर येतं. सी ड्राइव्हमधलं पिकासा२ फोल्डर आणि त्याच्या शेजारचं पिकासा२अल्बम्स, ही दोन्हीही त्याच डिस्कवर घेतली.

मग पिकासा उघडून चार गोष्टी केल्या.

चेहरे. टूल्स मेनूत एक्सपेरिमेंटल नावाचा कोपरा आहे, तिथे चेहरे एक्सएमपीमध्ये लिहिण्याची आज्ञा मिळते. इतकी कामाची गोष्ट 'प्रायोगिक' म्हणून कोपऱ्यात का ठेवली देव जाणे. ती दिली की पिकासा चौकोन आणि खरं नाव, दोन्ही फोटोच्या पोटात लिहितं.

केलेले बदल. पिकासात फोटो फिरवला, कापला, लाल डोळे काढले, तरी मूळ फाइल तशीच राहते आणि बदल फक्त चिठ्ठीत नोंदला जातो. ही पद्धत तशी चांगली, कधीही मागे जाता येतं. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती चिठ्ठी वाचता येत नाही, मग फिरवलेले फोटो पुन्हा आडवे आणि काढलेले लाल डोळे पुन्हा लाल. प्रत्येक फोल्डरच्या डोक्यावर डिस्कवर सेव्ह करायचं बटण असतं. ते दाबलं की बदल फाइलमध्ये पक्के होतात, आणि मूळ प्रत त्याच फोल्डरमधल्या पिकासा ओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाते. सगळ्याच फोल्डरना हे करायची गरज नाही. मामा ज्या फोल्डरांत रमले होते तेवढ्यांनाच केलं.

तारे. ते फक्त चिठ्ठीत असतात, पाठीवर उतरत नाहीत. पण शब्दखुणा मात्र पिकासा जेपेगच्या पोटात लिहितं. म्हणून तारांकित फोटो गाळून सगळे निवडले आणि त्यांना 'आवडते' अशी शब्दखूण लावली. अल्बमांचं तेच. 'अष्टविनायक यात्रा' या अल्बममधले सगळे फोटो निवडून तेच नाव शब्दखूण म्हणून दिलं. हे काम मामांनी स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही.

आणि चौथी गोष्ट, खात्री. पाच-सहा फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर, जिथे पिकासा कधीच नव्हतं, तिथे उघडले. आजीच्या चेहऱ्यावर माउस नेला, नाव आलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मशीनचं काय

जुन्या कॉम्प्युटरवर फोटो उघडायला वेळ लागला की दोष प्रोसेसरला दिला जातो. बहुतेक वेळा दोषी हार्ड डिस्क असते. लॅपटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात सुई योग्य वर्तुळावर सरकायचा वेळ धरला की एका शोधाला पंधरा-सतरा मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे विखुरलेल्या गोष्टी शोधायच्या असतील तर सेकंदाला साठेक. आणि फोटोंचं सॉफ्टवेअर दुसरं करतं काय? पडद्यावर शंभर छोटी चित्रं दाखवायची तर शंभर ठिकाणी धावतं. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काही नसतं, तोच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होतो.

त्यामुळे पैसे खर्च करायचे तर आधी एसएसडी. २.५ इंची साटा एसएसडी जुन्या लॅपटॉपच्या त्याच खाचेत बसते. कधी ती जुन्या डिस्कपेक्षा पातळ असते, तेव्हा सोबत येणारी प्लास्टिकची चौकट लावायची. त्यानंतर रॅम. मामांच्या लॅपटॉपमध्ये एक खाच रिकामी होती, तिथे डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी लावली, एकूण ८ झाले. पट्टी घेताना आतल्या पट्टीवरचं लेबल बघून घ्या, कारण १.५ आणि १.३५ व्होल्ट अशा दोन जाती आहेत आणि प्रत्येक मशीनला दोन्ही चालतातच असं नाही.

प्रोसेसर बदलता येत नाही, पण तो काय करू शकतो हे माहीत असावं. नवी सॉफ्टवेअरं प्रोसेसरच्या काही खास आज्ञा गृहीत धरतात. एव्हीएक्स२ नावाचा आज्ञासंच इंटेलच्या चौथ्या पिढीत, २०१३ मध्ये आला. मामांची तिसरी पिढी, म्हणजे एका वर्षानं हुकली. ज्या सॉफ्टवेअरच्या गरजांच्या यादीत एव्हीएक्स२ आहे ते अशा मशीनवर कितीही रॅम घातली तरी चालणार नाही. तेव्हा आधी ती यादी वाचा, मग डाउनलोड करा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार आढळते. प्रोसेसर ६४ बिटचा, पण दुकानात टाकून दिलेलं विंडोज ३२ बिटचं. मामांचंही तसंच होतं. ३२ बिटचं साधं विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, आणि नवी सॉफ्टवेअरं बहुतांशी ६४ बिटचीच निघतात. कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टिम टाइप' या ओळीत हे लिहिलेलं असतं. ३२ वरून ६४ वर चढत जाता येत नाही, नव्यानंच घालावं लागतं. म्हणजे पुन्हा तोच सी ड्राइव्हचा प्रश्न.

विंडोज ११ च्या अटींत हा लॅपटॉप बसत नाही, आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणून मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घातली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली मेनू, उजवीकडे घड्याळ. मामांना दोन दिवसांत सवय झाली. ज्यांना टॅली किंवा एखादं ठरावीक विंडोजवरचंच सॉफ्टवेअर लागतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे आम्ही जुनी डिस्क फॉरमॅट केलीच नाही. ती स्क्रू काढून बाहेर घेतली आणि नवीन सगळं एसएसडीवर घातलं. काही चुकलं असतं तर जुनी डिस्क परत आत बसवून मामांचा पिकासा जसाच्या तसा उघडला असता.

नव्या मुनिमाची पहिली रात्र

नवीन सॉफ्टवेअर म्हणून डिजीकॅम निवडलं. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, एचईआयसी वाचतं, आणि पिकासानं फोटोच्या पाठीवर लिहिलेले चेहरे ओळखतं. दिसायला मात्र ते पिकासाइतकं गोड नाही. बटणं इतकी, की पहिल्यांदा बघणाऱ्याला विमानात बसल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा उघडताना ते काही प्रश्न विचारतं. तिथे घाईनं 'पुढे, पुढे' करू नका. फोटो कुठे आहेत आणि डेटाबेस कुठे ठेवू, हे आधी. डेटाबेस एसएसडीवरच ठेवा, बाहेरच्या डिस्कवर नको. माहिती फाइलमध्ये लिहू का, याला हो म्हणा. हा तोच पाठीचा आणि वहीचा प्रश्न आहे, आणि उत्तर 'दोन्हीकडे' असलं म्हणजे पुढच्या वेळी एवढा उपद्व्याप करावा लागत नाही. मोठं चित्र दाखवताना छोटी प्रत दाखवू की पूर्ण, याला जुन्या मशीनवर छोटी.

मग ते सगळ्या फाइली वाचायला बसतं. प्रत्येक फोटोची पाठ वाचणार, छोटं चित्र बनवणार, वहीत नोंदणार. हे एकदाच होतं, पण जुन्या प्रोसेसरवर सावकाश होतं. रात्री चार्जर लावून, झाकण उघडं ठेवून झोपा. सकाळी मामा साडेपाचला उठून बघत होते.

चेहरे शोधण्याचं काम मात्र त्याच रात्री सुरू करू नका. २०२० च्या ७.० आवृत्तीपासून डिजीकॅम त्यासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेली गणिती यंत्रणा, वापरतं. त्याचा काहीशे एमबीचा साठा आधी उतरवून घ्यावा लागतो आणि प्रोसेसर पूर्ण जुंपला जातो. आमचे जुने चेहरे नावांसकट आलेच होते. नव्या फोटोंचं काम महिन्या-महिन्याच्या फोल्डरवर वेगळं चालवलं.

गडबडी झाल्याच. मामांनी काही वर्षं नावं देवनागरीत दिली होती आणि काही वर्षं रोमनमध्ये, त्यामुळे एकाच मामीच्या तीन मामी झाल्या. एका नावावर दुसरं ओढून टाकलं की ती एकत्र होतात, पण अशी चाळीसेक माणसं निघाली. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो दुसरंच दुखणं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याची पाठ पुसून टाकतं, त्यामुळे ते काढले कधी हे फाइलला माहीत नसतं. फाइलच्या नावातल्या २०१९०९०७ अशा आठ आकड्यांवरून पाठवल्याची तारीख तेवढी कळते. यापुढे नातेवाइकांनी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, अशी सूचना मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. पाळली कुणीच नाही.

पुढच्या अपग्रेडसाठी एक लक्षात ठेवायचं. डिजीकॅमची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीची वही उघडते आणि गरज पडली तर तिचे रकाने नव्या पद्धतीनं आखून घेते. एकदा रकाने बदलले की जुन्या आवृत्तीला ती वही परत वाचता येईलच असं नाही. त्यामुळे आवृत्ती बदलण्याआधी डिजीकॅम४ डॉट डीबी ही एक फाइल कुठेतरी कॉपी करून ठेवायची. अडोबीचं लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ही सोय आयती मिळते: तिथे मोठ्या आवृत्तीबदलाच्या वेळी कॅटलॉगची, म्हणजे त्याच्या वहीची, नवी प्रत बनते आणि जुनी तशीच राहते. मॅकवर आयफोटो या जुन्या सॉफ्टवेअरवरून फोटोज या नव्यावर जाताना तर एक सुंदर युक्ती केली होती. दोन लायब्रऱ्या दिसतात, पण मूळ फोटो डिस्कवर एकदाच असतात आणि दोन्हींकडून त्यांच्याकडे बोट दाखवलेलं असतं, त्यामुळे जागा दुप्पट लागत नाही.

लाइटरूमवरून आठवलं. लग्नाचे फोटो काढणारे कितीतरी छायाचित्रकार अजून २०१५ चं लाइटरूम ६ वापरतात, कारण एकदाच पैसे भरून मिळणारी ती शेवटची आवृत्ती. नवा कॅमेरा घेतला की त्याच्या रॉ, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या फाइली त्यात उघडत नाहीत, आणि मग मशीनसकट सगळं बदलायची भाषा सुरू होते. रॉ फाइली डीएनजी या सामाईक प्रकारात बदलणारं अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यातून डीएनजी करून घेतली की जुनं लाइटरूम ती उघडतं. एक पायरी वाढते, पण चालतं.

"हे सगळं गूगल फोटोजवर टाकलं असतं तर?" असं मामेबहिणीनं विचारलं. टाकता येतं. फुकट जागा १५ जीबी, आपले फोटो ११४ जीबी, शिवाय त्या १५ मध्ये ईमेलही धरलेली. दरमहा पैसे भरायची तयारी असेल तर दुसरी नक्कल म्हणून ते उत्तम आहे. एकमेव नक्कल म्हणून मी तरी ठेवणार नाही.

निघायच्या दिवशी मामा डिजीकॅममध्ये आजीचं नाव शोधत बसले होते. १९६८ च्या महाबळेश्वरपासून २०११ च्या आरतीपर्यंत सगळी आजी ओळीनं आली. जुनी हार्ड डिस्क मी जाळीच्या पाकिटात घालून दिली होती. त्यांनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पेन्सिलीनं लिहिलं: 'पिकासा. सातारा. दिवाळी. पुसू नये.'